गाणं देणारा कोण, घेणारा कोण?

मंडळी, नमस्कार. बिनतारी हेडसेटबद्दल माझ्या कानावर सगळ्यात जास्त येणारी तक्रार तो जोडला जात नाही अशी नसते. ती अशी असते: “जोडला जातो हो, निळा लाइट लागतो, आतली बाई ‘कनेक्टेड’ म्हणते, पण गाणं काही येत नाही!” मग दुकानदार म्हणतो हेडसेट चांगला आहे, घरचे म्हणतात प्लेअर जुना झालाय, आणि दोन्ही वस्तू धडधाकट असताना त्यातली एक माळ्यावर जाते.

ब्लूटूथवर दोन यंत्रांची ओळख होणं वेगळं आणि त्यांच्यामधून गाणं जाणं वेगळं. ओळख सहसा होते. गाणं जायला दोन अटी आहेत. एक यंत्र आवाज देणारं आणि दुसरं घेणारं हवं, ही पहिली. आणि गाण्याची देवाणघेवाण करायची रीत दोघांनाही येत असायला हवी, ही दुसरी.

पहिली अट तुमच्यापैकी अनेकांना लागू आहे, कारण अनेकांच्या घरी कारवाँ आहे. २०१७ साली सारेगामाने तो आणला, आत पाच हजार गाणी भरून. त्यावर ब्लूटूथ लिहिलेलं असतं, हेडसेटवरही ब्लूटूथ लिहिलेलं असतं, म्हणजे दोघांचं जमणार असं कुणालाही वाटेल. पण जुन्या, नेहमीच्या कारवाँमधलं ब्लूटूथ फोनवरचं गाणं त्याच्या स्पीकरवर वाजवण्यासाठी दिलंय. म्हणजे तिथे तो घेणारा. हेडसेटही घेणारा. दोन श्रोते समोरासमोर बसवले म्हणून मैफल होत नाही. कुणाचाच दोष नाही, गाणारा नाही एवढंच. बाजारात अशाच धर्तीचे, गाणी भरलेले किंवा पेनड्राइव्ह लावायचे जे छोटे स्पीकर मिळतात, त्यांचीही बहुधा हीच गत. तेव्हा विकत घेताना “ब्लूटूथ आहे का?” हा प्रश्न अपुरा आहे. “याच्यातलं गाणं बिनतारी हेडफोनमध्ये ऐकता येईल का?” असं विचारा, आणि दुकानदाराला समोर लावून दाखवायला सांगा.

आता दुसरी अट. इथे जरा थांबू, कारण खरी मजा इथे आहे.

ब्लूटूथचं काम १९९४ च्या सुमारास स्वीडनमध्ये, एरिक्सन कंपनीत सुरू झालं. फोन बनवणारी कंपनी ती. कानाला लावायचा हेडसेट त्यांच्या डोळ्यासमोर होता तो फोनवर बोलण्यासाठी. गाणी त्यांच्या हिशेबात नव्हती. त्यामुळे सुरुवातीच्या आणि आजही स्वस्तातल्या एकाकानी हेडसेटला जी रीत येते, ती टेलिफोनची. आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घ्यायचे आणि ६४ किलोबिटच्या अरुंद वाटेने ते पाठवायचे. साध्या टेलिफोनसारखाच त्यात साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो. माणसाचं बोलणं कळायला तेवढं पुरतं. गाण्याला पुरत नाही. तानपुऱ्याची जवारी म्हणजे मूळ स्वरावर चढलेले वरचे स्वर, आणि तेच नेमके इथे छाटले जातात. डग्ग्याचा घुमाराही खालून जातो. आपण ज्या मिडियम वेव्हवर वाढलो, तिथे आपल्याकडे दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, म्हणजे साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मिळायचा. फोनच्या रीतीने ऐकलेलं गाणं त्याहूनही कोतं.

गाण्यासाठी वेगळी रीत २००३ मध्ये ठरली. तिचं नाव खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: ए, मग दोनचा आकडा, मग डी आणि पी. लक्षात राहत नसेल तर कागदावर लिहून घ्या आणि दुकानात दाखवा. या रीतीत सेकंदाला ४४ हजार १०० नमुने जाऊ शकतात, सीडीवर असतात तेवढे, आणि डावा-उजवा कान वेगळा राहतो. आवाज दाबूनच पाठवतात, म्हणजे सीडी जशीच्या तशी कानात येत नाही. पण आपल्या वयाच्या कानांना फरक कळेल असं मला वाटत नाही, आणि ज्यांना कळतो त्यांनी खुशाल तारेचा हेडफोन वापरावा. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आणखी एक लहानशी रीत असते, बटणांची. हेडसेटवरून गाणं थांबवणं, पुढचं लावणं, हे तिच्यामुळे होतं. ती नसली तरी गाणं ऐकू येतं, फक्त थांबवायला प्लेअरपर्यंत हात न्यावा लागतो.

खोका केव्हाच रद्दीत गेलेला असतो, मग हेडसेटला काय येतं हे ओळखायचं कसं? कुठल्याही स्मार्टफोनला तो जोडा आणि फोनवर गाणं लावा. गाणं कानात आलं तर प्रश्नच मिटला. फोन आला की आवाज कानात येतोय, पण गाणं मात्र फोनच्या स्पीकरवरच वाजतंय, असं झालं तर तो हेडसेट बहुतेक फक्त टेलिफोनवाला आहे. मग त्याच्यावर जास्त डोकं खपवू नका.

एका कानाच्या हेडसेटमध्ये गाणं अर्धंच येणार का, असा प्रश्न पुढच्या रांगेतून आलाय. गाण्याची रीत येणारा असेल तर तो सहसा डावा-उजवा आवाज एकत्र करून देतो. आणि तुम्ही जी गाणी ऐकणार, ती पन्नास-साठच्या दशकातली, ती बहुतेक मुळातच मोनो आहेत. त्यांच्यात डावं-उजवं नव्हतंच.

आता ज्यांच्या प्लेअरला देणारं ब्लूटूथच नाही त्यांचं काय? परदेशातल्या मुलांनी पाठवलेले आयपॉड इथे बऱ्याच घरांत आहेत. आयपॉड क्लासिकला शेवटपर्यंत ब्लूटूथ मिळालं नाही आणि २०१४ मध्ये तो बंदही झाला. आयपॉड टचवर बिनतारी गाणी २००९ पासून ऐकता येऊ लागली, छोट्या नॅनोवर २०१२ पासून. बाकीचे जुने आयपॉड, साधे एमपीथ्री प्लेअर आणि कारवाँसुद्धा, या सगळ्यांसाठी उपाय एकच. ज्याला हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन लावता येते, त्याला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावायचा. काडेपेटीएवढी डबी असते, तिची स्वतःची बॅटरी असते.

फसगत होते ती ही डबी घेताना. तसलीच दिसणारी, तीच पिन असलेली आणि स्वस्त अशी दुसरी डबी दुकानात जास्त असते, ती गाडीच्या जुन्या टेपला फोन जोडण्यासाठीची. ती रिसीव्हर, म्हणजे पुन्हा घेणारी. दुकानात दोन्हींना ‘ब्लूटूथ अडॅप्टर’च म्हणतात. तुम्हाला ट्रान्समीटर हवा. काहींमध्ये दोन्ही सोयी असतात आणि बाजूला टीएक्स-आरएक्स असा खटका असतो, तो टीएक्सवर ठेवायचा. कॉम्प्युटरला लावायचा नखाएवढा ब्लूटूथ डाँगल प्लेअरच्या पेनड्राइव्हच्या खाचेत बसतो म्हणून घेऊ नका. खाचेत बसेल, चालणार नाही. तो चालवणारं सॉफ्टवेअर त्या प्लेअरमध्ये नसतं.

ट्रान्समीटरला पडदा नाही, हेडसेटलाही नाही. मग त्यांची ओळख कशी करून द्यायची? आधी, आणि हे विसरू नका, घरातल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. हेडसेट चालू झाला की आधी जुन्या ओळखीच्या यंत्राला शोधतो. पलीकडच्या खोलीत चार्जिंगला लावलेला सूनबाईंचा फोन त्याला ओढून घेतो आणि तुम्ही इथे ट्रान्समीटरचं बटण दाबत बसता. फोन बंद केलात की हेडसेट पूर्ण बंद करा आणि त्याचं मोठं बटण दाबून धरा. नुसता निळा लाइट लागला की बोट उचलू नका, तेव्हा तो फक्त चालू झालेला असतो. बऱ्याच हेडसेटमध्ये लाल-निळा आळीपाळीने लुकलुकायला लागला की तो नव्या ओळखीला तयार झाला असं समजायचं. काहींमध्ये रंग वेगळे असतात, पण बटण जास्त वेळ धरायचं हे सहसा सारखंच. मग ट्रान्समीटरचंही तसंच करा आणि दोघांना हातभर अंतरात ठेवून जरा वाट बघा. पिन नंबर, म्हणजे ओळख पटवायचा गुप्त आकडा, टाकायची वेळ येत नाही. २००७ मध्ये ब्लूटूथची २.१ ही आवृत्ती आली तेव्हापासून पिनशिवाय ओळख होते. त्याआधीचा हेडसेट असेल तर त्याची पिन बहुधा चार शून्यं असते, आणि ट्रान्समीटर ती आपण होऊन देऊन बघतो. हेडसेटची पिन दुसरी असली तर मात्र जमत नाही, कारण ती टाकायला या डबीवर जागाच नाही.

आवाज फाटका येतोय, घरघर येतेय, असं झालं तर बहुतेक वेळा प्लेअरचा आवाज पूर्ण वर नेलेला असतो. पिनेतून इतका जोरदार आवाज ट्रान्समीटरला झेपत नाही. प्लेअर मध्यमाच्या थोडा वर ठेवा आणि कमीजास्त हेडसेटवर करा. मधूनमधून तुटत असेल तर प्लेअर आणि हेडसेट यांच्यामध्ये तुमचं शरीर येतंय का बघा. या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं. हेडसेट उजव्या कानाला आणि प्लेअर डाव्या बाजूच्या मागच्या खिशात, असं करून बागेत फिरू नका. चालू मायक्रोवेव्हजवळही आवाज तुटू शकतो, तोही याच पट्ट्यात चालतो. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी आपल्या सरकारने २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला, म्हणून वायफायपासून हेडसेटपर्यंत सगळे तिथेच गर्दी करतात.

बिनतारी आवाज थोडा उशिराने पोचतो, सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाने किंवा जरा जास्तच. नुसतं गाणं ऐकताना हे कळतही नाही. तबल्याच्या ॲपसोबत तुम्ही गाता तेव्हाही अडत नाही, कारण जे ऐकू येतं त्याच्याच लयीत तुम्ही गाता. इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड वाजवणाऱ्यांनी मात्र तारच लावावी. बोट आत्ता पडतं आणि सूर मागून येतो, त्यात लय सांभाळणं अशक्य.

शेवटी चिठ्ठीवर आलेला प्रश्न घेतो: एकच प्लेअर, नवरा-बायको दोघांना एकाच वेळी ऐकायचंय, जमेल का? साध्या ट्रान्समीटरला एका वेळी एकच हेडसेट चालतो. दोन हेडसेट चालवणारे ट्रान्समीटर मिळतात, घेताना तसं विचारून घ्या, आणि ओळख एकेकाची स्वतंत्र करून द्या, दोन्ही एकदम नाही. ऑराकास्ट नावाची नवी सोय आलीय, तिच्यात एकाच यंत्रावरून कितीही जणांना ऐकता येतं, पण त्यासाठी हेडसेट आणि ट्रान्समीटर दोन्ही नव्या जातीचे लागतात. तोवर स्वस्तातला उपाय म्हणजे एका पिनेला दोन हेडफोन लावायचा वाय आकाराचा तुकडा. त्याला चार्जिंग लागत नाही. ज्यांनी आपापले प्लेअर आणलेत त्यांनी इकडे टेबलापाशी या, आणि येण्याआधी तेवढे फोन बंद करा.