मण्यारीच्या डीएनएपासून न्यायालयापर्यंत: डॉ. लालजी सिंह

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या शास्त्रज्ञाविषयी बोलणार आहे, त्यांचं नाव वर्तमानपत्रांत यायचं ते बहुतेक वेळा खुनाच्या, बाँबस्फोटाच्या नाहीतर पितृत्वाच्या वादाच्या बातमीत. डॉ. लालजी सिंह. भारतातल्या डीएनए फिंगरप्रिंटिंगचे, म्हणजे डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याच्या तंत्राचे जनक, अशी त्यांची ओळख करून दिली जाते, आणि ती खरीच आहे. पण पोलीस, पुरावे, कोर्टकचेऱ्या यांच्याशी या माणसाचा सुरुवातीला काडीचाही संबंध नव्हता. लालजी सिंह हे मुळात सापांचे अभ्यासक. त्यातही सापांची मादी मादी कशी ठरते, एवढ्या एका प्रश्नाच्या मागे लागलेले.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातलं कलवारी हे त्यांचं गाव. जन्म 5 जुलै 1947 चा, म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम सहा आठवडे आधीचा. घर शेतकऱ्याचं. गावात आठवीपर्यंतच शिकायची सोय होती, पुढच्या शाळेसाठी रोज दुसऱ्या गावाला पायी जावं लागे. तिथून मुलगा बनारस हिंदू विद्यापीठात गेला, प्राणिशास्त्रात एम.एस्सी.ला सुवर्णपदक मिळवलं आणि प्रा. रायचौधुरी यांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागला. विषय होता सापांची गुणसूत्रं. 1971 मध्ये पदवी मिळाली.

आता सापांच्या गुणसूत्रांत एवढं काय आहे? ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट इथूनच निघते. माणसात पुरुषाची लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात, एक्स आणि वाय. स्त्रीची सारखी, दोन्ही एक्स. बहुतेक सापांत नेमकं उलट. नराची जोडी सारखी, दोन्ही झेड, आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. अजगराच्या कुळात लिंगगुणसूत्रांची जोडी दिसायला अगदी सारखी, कोणतं कोणतं ते सूक्ष्मदर्शकाखालीही सांगता येत नाही. धामणीच्या कुळातल्या अनेक सापांत आकार सारखाच, पण पेशी विभागण्याआधी डीएनएची प्रत निघते त्या वेळी डब्ल्यू मागे रेंगाळतो. आणि नाग, मण्यार, घोणस यांच्या कुळांकडे आलं की डब्ल्यूचं रूपच पालटलेलं असतं. लिंगगुणसूत्रं ही कधीकाळी इतर जोड्यांसारखीच साधी जोडी असली पाहिजेत, असा अंदाज सुसुमु ओनो या शास्त्रज्ञानं मांडला होता. लालजींना या तीन पायऱ्यांत तो बदल कसा घडत गेला असेल याचा माग दिसला: आधी डब्ल्यूचा स्वभाव बदलतो, रूप नंतर.

हे काम घेऊन ते 1970 च्या दशकात एडिनबरा विद्यापीठात गेले. तिथे केन जोन्स यांच्याबरोबर त्यांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएमधून एक लहानसा हिस्सा वेगळा काढला. त्याला नाव पडलं ‘बँडेड क्रेट मायनर’, संक्षेपानं बीकेएम. त्यात जी, ए, टी, ए ही चार अक्षरं त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा, रांगेत येतात. हा तुकडा फक्त सापात असता तर गोष्ट सापापुरतीच राहिली असती. पण तो पक्ष्यांत सापडला, उंदरात सापडला, माणसातही सापडला. उंदरात एक विचित्र प्रकार माहीत होता: गुणसूत्रं एक्सएक्स, म्हणजे मादीची, आणि जनावर मात्र नर. वाय गुणसूत्राचा एक तुकडा एक्सला जाऊन चिकटल्यामुळे हे घडतं, असं सिंह आणि जोन्स यांनी बीकेएमच्याच मदतीनं दाखवलं. 1982 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात तो शोधनिबंध आला.

लिंग ठरवणारा जनुक मात्र बीकेएम नव्हे. तो जनुक 1990 मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी वाय गुणसूत्रावर शोधला आणि त्याचं नाव एसआरवाय. म्हणजे ज्या प्रश्नासाठी लालजींनी इतकी वर्षं घातली, त्याचं अखेरचं उत्तर त्यांच्या हातून निसटलं. मला यात खंत करण्यासारखं काही वाटत नाही. तोवर तो मण्यारीचा तुकडा दुसऱ्याच कामाला लागला होता.

1985 मध्ये इंग्लंडात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंगचं तंत्र जाहीर केलं. त्यासाठी लागणारा डीएनएचा शोधक तुकडा, प्रयोगशाळेच्या भाषेत ‘प्रोब’, लवकरच एका मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेला. आपल्याला तो वापरायचा तर विकतच घ्यायला हवा होता. 1987 मध्ये लालजी सिंह परदेश सोडून हैदराबादला सीसीएमबीत, म्हणजे सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजीत रुजू झाले. संस्था उभारणारे पुष्प मित्र भार्गव तेव्हा तिथे संचालक होते. लालजींकडे स्वतःचा प्रोब होता, तोच बीकेएम. जीएटीए, जीएटीए ही रांग एखाद्याच्या गुणसूत्रावर एका जागी लांब असते, दुसऱ्याच्या आखूड, जशी एक आगगाडी अठरा डब्यांची आणि दुसरी बाराची. अशा कितीतरी जागा गुणसूत्रांवर विखुरलेल्या आहेत, त्या सगळ्यांच्या लांबीचा मेळ दोन माणसांत जुळत नाही. अपवाद फक्त एकसारख्या जुळ्यांचा.

हे काम त्या काळी कसं चाले ते सांगतो, कारण आता यंत्रं आली आणि ती पद्धत मागे पडली. रक्तातून डीएनए काढायचा, विकर घालून त्याचे तुकडे करायचे, ते जेलच्या पातळ थरात सोडून वीजप्रवाह द्यायचा. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. मग ते नायलॉनच्या पडद्यावर उतरवायचे आणि त्यावर किरणोत्सारी केलेला प्रोब सोडायचा. प्रोब आपल्या जोडीदाराला शोधून चिकटतो. शेवटी वर एक्स-रे फिल्म ठेवून वाट पाहायची, कधी कधी काही दिवस. फिल्म धुतली की काळ्या पट्ट्यांच्या ओळी दिसतात. आई, मूल आणि ज्याच्यावर दावा आहे तो पुरुष यांचे नमुने शेजारी शेजारी ठेवायचे. मुलाच्या ओळीतली जी पट्टी आईत नाही, ती बापात असलीच पाहिजे. इतकं सरळ.

केरळात तेल्लिचेरीच्या न्यायालयात असाच एक दावा आला होता. मूल आपलं नाही, असं एक माणूस म्हणत होता आणि आई पोटगी मागत होती. लालजींच्या प्रयोगशाळेनं तपासणी केली, त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली आणि न्यायालयानं ती ग्राह्य धरली. 1991 मधल्या निकालानुसार तोच मुलाचा बाप ठरला. डीएनएच्या पुराव्यावर भारतीय न्यायालयानं विसंबायची ही सुरुवात. श्रोतेहो, बीज इथे एका बाईच्या पोटगीच्या अर्जात आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. गाजलेले खटले नंतर आले.

ते आले हेही खरं. 26 नोव्हेंबर 1987 रोजी सीसीएमबीच्या वास्तूचं राष्ट्रार्पण झालं, ते तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदुरला त्यांची हत्या झाली आणि स्फोटाच्या जागी सापडलेल्या अवशेषांची ओळख पटवण्याचं काम त्याच संस्थेकडे आलं. 1995 मध्ये दिल्लीत नैना साहनी यांचा खून झाला. देह तंदूरमध्ये जाळलेला, चेहऱ्यावरून ओळखण्याची शक्यताच नव्हती. हैदराबादला आई-वडिलांच्या रक्ताचे नमुने आणि त्या देहातल्या ऊती यांची तुलना झाली, आणि हा देह त्यांच्याच मुलीचा आहे हे ठरलं.

इथे थोडं सावधपणे बोललं पाहिजे. डीएनए आला म्हणजे खटला संपला, असा एक समज आपल्याकडे पक्का झाला आहे. प्रयोगशाळा एवढंच सांगते की हा नमुना या माणसाचा आहे. नमुना कुणी उचलला, कशात ठेवला, किती दिवस उन्हात पडला, मोहोर शाबूत होती का, हे प्रयोगशाळेच्या आधीचं काम, आणि बिघाड बहुतेक तिथेच होतो.

आता प्रशासक लालजी सिंह. संशोधक म्हणून मोठा झालेला माणूस खुर्चीत बसला की पुष्कळदा दोन्हीकडून जातो. लालजींची रीत वेगळी होती. एखादं काम प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मावेनासं झालं की ते त्याला स्वतंत्र घर बांधून देत. खटल्यांचे नमुने वाढू लागले, तेव्हा हैदराबादलाच डीएनए फिंगरप्रिंटिंगचं वेगळं केंद्र, सीडीएफडी, उभं राहिलं आणि त्याची सुरुवातीची घडी विशेष कार्याधिकारी म्हणून त्यांनी बसवली. 1998 ते 2009 ते सीसीएमबीचे संचालक होते.

त्या काळातली मला सर्वांत आवडणारी संस्था म्हणजे लॅकोन्स, धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या संवर्धनाची प्रयोगशाळा. 2007 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तिचं उद्घाटन केलं. कृत्रिम रेतनातून चितळाचं पाडस जन्माला आलं, पुढे काळविटाचंही. पण त्याहून उपयोगाचं काम साधं आहे. वनखात्यानं शिकाऱ्याकडून मांस पकडलं आणि तो म्हणाला, हे तर बकऱ्याचं आहे, तर काय करणार? सुनील कुमार वर्मा आणि लालजी सिंह यांनी डीएनएच्या छोट्या तुकड्यांची अशी एक जोडी शोधली, जी असंख्य प्राण्यांना सारखीच लागू पडते. मांसाचा, कातड्याचा, हाडाचा तुकडा द्या, प्राणी कोणता ते कळतं. वन्यजीव गुन्ह्यांत ही चाचणी आधाराला आली.

आणि मग माणसांचा इतिहास. के. थंगराज यांच्यासह लालजींनी अंदमानच्या ओंगी आणि ग्रेट अंदमानी लोकांच्या डीएनएचा अभ्यास केला. आईकडून येणाऱ्या डीएनएवरून त्यांनी मांडलं, की हे लोक आफ्रिकेतून फार पूर्वी बाहेर पडलेल्या माणसांचे वंशज असून हजारो वर्षं वेगळे राहिले आहेत. 2005 मध्ये हा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. पुढची पायरी 2009 ची: अमेरिकेतल्या डेव्हिड राइश यांच्या गटाबरोबर 25 समाजांतल्या 132 भारतीयांच्या जनुकसंचाचा अभ्यास, ‘नेचर’मध्ये. बहुतेक भारतीय हे दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, असा त्याचा निष्कर्ष. त्यातला एक समूह युरोप, मध्यपूर्व, मध्य आशियातल्या लोकांच्या जवळचा.

आणि इथे ठिणगी पडली. राइश यांनी पुढे लिहून ठेवलं आहे, की या समूहाला पश्चिमेकडून आलेले म्हणायला हैदराबादच्या सहकाऱ्यांचा कडाडून विरोध होता आणि सहकार्य मोडायची वेळ आली होती. शेवटी ‘पूर्वज उत्तर भारतीय’ आणि ‘पूर्वज दक्षिण भारतीय’ अशी तटस्थ नावं ठरली. कोण कुठून आलं, हा प्रश्न निबंधात उघडा राहिला. प्राचीन सांगाड्यांचा डीएनए वाचता येऊ लागल्यावर स्टेप, म्हणजे युरेशियातल्या गवताळ मैदानी भागातून झालेल्या स्थलांतराचा पुरावा भक्कम झाला, तेव्हा लालजींच्या बाजूचा आग्रह टिकला नाही असंच म्हणावं लागेल. पण माझ्या मते त्या निबंधातली खरी मोलाची गोष्ट या वादाच्या धुरळ्यात झाकली गेली. अनेक समाज थोड्याच पूर्वजांपासून वाढले आणि शतकानुशतकं आपापसातच लग्नं करत राहिले. अशा समाजांत एखादा दोष दोन्हीकडून येऊन एकाच मुलात एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणजे कोणत्या समाजानं कोणत्या आजाराची तपासणी करायची, हे आधीच सांगता येईल.

2009 मध्येच हृदयाच्या एका जनुकात 25 अक्षरं गळालेली असण्याचा दोष त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. सुमारे चार टक्के भारतीयांत तो आढळतो आणि हृदयविकाराचा धोका वाढवतो, असं त्यात होतं. पुढच्या संशोधनानं धोक्याचं हे गणित बरंच सौम्य केलं. दोष बाळगणारे अनेकजण ठणठणीत जगतात.

2004 मध्ये पद्मश्री मिळाली. 2011 ते 2014 ते बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू होते, ज्या विद्यापीठात खेड्यातून शिकायला आले होते त्याचेच. पगार घेतला महिना एक रुपया. जनुकीय आजारांचं निदान गावाकडच्या माणसापर्यंत न्यायचं, यासाठी त्यांनी जीनोम फाउंडेशन ही संस्था काढली. 10 डिसेंबर 2017 रोजी वाराणसीच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांच्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात ते गेले. वय 70.

त्याच वर्षी थंगराज आणि राइश यांच्या गटानं 263 समाजांतल्या 2,800 हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 81 समाजांत पूर्वज थोडे असल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि पूर्व युरोपीय ज्यूंपेक्षाही ठळक आढळली. उदाहरण घ्यायचं तर आंध्र आणि तेलंगणातल्या वैश्य समाजाचं. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी एक औषध देतात. ते शरीरात फोडणारं विकर या समाजातल्या काही लोकांत नसतं आणि औषधाचा अंमल काही मिनिटांत उतरण्याऐवजी तासन्‌तास राहतो. श्वास त्या वेळात यंत्रानंच चालू ठेवावा लागतो. भूलतज्ज्ञांना हे ठाऊक आहे. समाज विचारून, रक्त तपासून ते दुसरं औषध निवडू शकतात. उरलेल्या समाजांत असे कोणते दोष दडलेले आहेत, याची मोजदाद अजून पुरती झालेली नाही.