जुनी गाडी डीलरला परत करताना

नमस्कार श्रोतेहो.

जुनी गाडी घेताना आपण टायर बघतो, बॉनेट उघडतो, एक चक्कर मारून येतो, दहा-वीस हजारांवर घासाघीस करतो. गाडी दारात येते, हार घालून नारळ फुटतो. आणि पंधरा दिवस जात नाहीत तोच इंजिन तापायला लागतं किंवा गिअर अडकतो. गाडी घेऊन डीलरकडे जावं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, जुनी गाडी आहे. जशी आहे तशी दिली. तुम्ही बघूनच घेतलीत ना?" बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. सेकंडहँड मालाला कसला आलाय कायदा, असं त्यांना वाटतं.

कायदा आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि तो नवी वस्तू, जुनी वस्तू असा भेद करत नाही. दोष म्हणजे काय, हे सांगताना त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट आली आहे. विक्रेत्याने वस्तूबद्दल जो दावा केला, त्यात ती कमी पडली तर तोसुद्धा दोषच. आठ वर्षं चाललेल्या गाडीचा क्लच झिजलेला असणारच, त्याबद्दल भांडता येत नाही. पण जाहिरातीत "एकच मालक, अपघात नाही, चाळीस हजार किलोमीटर" असं लिहिलं असेल आणि मीटर मागे फिरवलेला निघाला, तर विषय झिजेचा राहत नाही. "जशी आहे तशी" या शब्दांखाली तुमची सही असली, तरी खोटं बोलून विकलेला माल त्या सहीमुळे खरा होत नाही.

म्हणून आज मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची आहे. गाडी घेण्याआधी विचारा, आणि लेखी विचारा. आपल्या करार कायद्यानुसार विक्रेता नुसता गप्प राहिला तर ती दर वेळी फसवणूक ठरत नाही. तुम्ही थोडी काळजी घेतली असती तर कळलं असतं, असा युक्तिवाद त्याला करता येतो. पण तुम्ही सरळ प्रश्न विचारला आणि त्याने जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं, तर ती उघड फसवणूक. टोकन देण्याआधी डीलरला व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाका: गाडीचा अपघात झालाय का, पाण्यात गेली होती का, मीटर खरा आहे का, बँकेचा बोजा उतरलाय का. जे उत्तर येईल ते जपून ठेवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा, कारण सौदा झाला की जाहिरात लगेच उतरवली जाते.

आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात आलेलं एक प्रकरण सांगते. कराडकडच्या एका शेतकरी कुटुंबाने वडिलांना दवाखान्यात न्यायला सोयीची म्हणून एका ऑटो कन्सल्टंटकडून छोटी गाडी घेतली. दिसायला चकचकीत, आतून शाम्पूने धुतलेली, सुगंधी बाटली लावलेली. पहिला आठवडा बरा गेला. मग काच अर्ध्यावर अडकायला लागली, सेंट्रल लॉक आपोआप पडायचं, आणि एका रात्री अंगणात उभ्या गाडीचा हॉर्न वाजत राहिला. गावातल्या मेकॅनिकने इंजिनाला हातही लावला नाही. त्याने ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळलेला राहणारा पट्ट्याचा भाग बाहेर आला, तर त्याच्यावर मातकट रंगाची सरळ रेघ. पाणी कुठवर चढलं होतं त्याची ती खूण. सीट पुढे सरकवली तर खालच्या पट्ट्या गंजलेल्या. डिकीत स्टेपनी उचलली तर खळग्यात वाळलेल्या गाळाचा थर. शाम्पूवाल्याचा हात तिथवर पोचला नव्हता.

आपल्याकडे 2005 चा मुंबईचा पाऊस झाला, 2019 ला कोल्हापूर-सांगली बुडाली, 2021 ला चिपळूण बुडालं. अशा प्रत्येक पुरात शेकडो गाड्या पाण्याखाली जातात. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला निघतात. पाण्यात गेलेल्या गाडीचं वायरिंग आतून सडत जातं, एअरबॅगचा भरवसा राहत नाही. कागदावर याची नोंद नसते. म्हणून मला ही फसवणूक सगळ्यांत वाईट वाटते: पैसे जातातच, वर घरची माणसं त्याच गाडीत बसवायची असतात.

त्या कुटुंबाच्या मुलाने एक शहाणपणाचं काम केलं होतं. सौदा ठरताना त्याने मेसेज टाकला होता, "पुरातली नाही ना?" आणि उत्तर आलं होतं, "गॅरंटी माझी." त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं.

दोष कळला की पहिली गोष्ट, गाडी चालवणं थांबवा. दोष माहीत असून तुम्ही महिनाभर फिरत राहिलात, तर तुम्ही गाडी स्वीकारली असं समोरचा म्हणणार. मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो काढा. आणि कृपा करून दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिन खोलू नका. एकदा खोललं की पुरावाही गेला आणि "तुम्हीच बिघडवली" म्हणायला डीलर मोकळा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवून लेखी तपासणी अहवाल घ्या. सर्व्हिसची जुनी नोंदही तिथेच मागा. तीन वर्षांपूर्वी सर्व्हिसला आली तेव्हा सत्तर हजार किलोमीटर आणि आज मीटरवर अठ्ठेचाळीस, असा कागद हाती आला तर वाद घालायला फारसं काही उरत नाही.

मग लेखी मागणी. फोनवर भांडून काही होत नाही. दोष काय, दावा काय होता, अहवाल काय म्हणतो आणि गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, एवढं एका पानात लिहा आणि स्पीड पोस्टने व ईमेलनेही पाठवा. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर 30 दिवसांत, नकार देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मात्र रंग आवडला नाही, घरच्यांना पटली नाही, म्हणून गाडी परत करण्याचा हक्क यातून मिळत नाही. इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्याने डीलरकडून घेतलेली जुनी गाडीसुद्धा सदोष निघाली तर पहिल्या 30 दिवसांत सरळ परत करता येते. आपल्याकडे डीलर तयार झाला नाही, तर दोष सिद्ध करूनच पुढे जावं लागतं.

इथे डीलरची एक नेहमीची पळवाट येते. पैसे तो रोख घेतो, आणि विक्रीचा कागद मात्र मूळ मालक आणि तुम्ही यांच्यात करतो. गाडी बिघडली की म्हणतो, "मी तर मधला माणूस, मालकाला विचारा." आणि मालक कुठल्या कुठे असतो. ही पळवाट आधीच बंद करा. पैसे चेकने किंवा यूपीआयने, डीलरच्या दुकानाच्याच खात्यात भरा, आणि त्याच्या नावाची, जीएसटी नंबरची पावती घ्या. गाडी शेजाऱ्याकडून किंवा ओळखीतल्या माणसाकडून घेतली असेल, तर तो व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा मिळत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं. आणि चेसिस नंबर खरवडलेला किंवा गाडी चोरीची निघाली, तर डीलरकडे परत न्यायचीच नाही, आधी पोलीस ठाणं गाठायचं.

नोटिशीला उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ही सेवा मराठीतही मिळते. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंत दिलेल्या किमतीची प्रकरणं तिथे चालतात, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही. गाडी पुण्यात घेतली आणि तुम्ही लातूरला राहता, तर तक्रार लातूरलाच करता येते. मुदत दोन वर्षांची. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडत जातात, हे मी लपवणार नाही. म्हणूनच समोरचा तडजोडीला तयार असेल आणि वापराबद्दल थोडी रक्कम कापून बाकीची लगेच देत असेल, तर विचार करा. त्या कराडच्या कुटुंबाने तेच केलं.

रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्यांनीही लक्षात घ्या: गाडी स्वतः चालवून पोट भरत असाल, तर तुम्ही ग्राहकच आहात. धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्हाला हाकलून देता येत नाही. आणि कर्जावर गाडी असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. बँकेला वाद कळवा, हप्ता भरत राहा, तो खर्च तक्रारीत मागा.

आता शेवटचा टप्पा, आणि लोक इथेच घाई करतात. पैसे मिळाले, किल्ली दिली, सुटलो म्हणतात. गाडी एव्हाना तुमच्या नावावर झाली असेल, तर आरसीवर नाव तुमचंच आहे. उद्या तीच गाडी दुसऱ्याला विकली गेली आणि अपघात झाला, तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येईल. नोंदीत ज्याचं नाव तो मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा रक्कम खात्यात जमा झाल्यावर, त्याच बैठकीत नाव बदलण्याचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरा. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र असेल, तर एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार 29-सी हा फॉर्म ऑनलाइन भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद करता येते, आणि तिथून जबाबदारी त्याची. गाडी ताब्यात दिल्याच्या पावतीवर तारीख आणि वेळ, मीटरचा आकडा, डीलरची सही आणि शिक्का घ्या. फास्टॅग बंद करा. आणि परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहत राहा. मालक म्हणून दुसरं नाव दिसेपर्यंत तुमचा विमा सुरू ठेवा.

नमस्कार.