कमांडोची नक्कल करताना भरतीची पोरं कुठे फसतात

नमस्कार मंडळी. पहाटे पाचला पुण्यात तळजाईला नाहीतर वेताळ टेकडीला गेलात तर तयारी करणारी पोरंपोरी दिसतातच, कोणी एनडीएसाठी, कोणी अग्निवीर, कोणी पोलीस भरती, आणि बऱ्याच जणांच्या मोबाईलमध्ये नेव्ही सील (अमेरिकन नौदलाचे कमांडो) नाहीतर आपल्या पॅरा एसएफचे (आपल्या आर्मीचे पॅरा कमांडो) रील्स भरलेले असतात. चार तास झोपा, सॅकमध्ये विटा भरा, सिंहगड चढा, उतरा, परत चढा. आज याच्यावरच बोलायचंय, कारण चांगली मेहनती पोरं ऐन ग्राउंडच्या तोंडावर पाय धरून बसतायत आणि मला ते बघवत नाही.

आधी हे डोक्यात घ्या, रीलमध्ये दिसते ती निवड असते. तयारी त्याच्या आधी आणि नंतर होते, ती कोणी शूट करत नाही. सीलच्या ट्रेनिंगमधला हेल वीक नावाचा आठवडा बघा, साडेपाच दिवस, सगळी मिळून झोप साधारण चार तास. माणूस ताकदवान व्हावा म्हणून तो आठवडा ठेवलेलाच नाहीये, तयार होऊन आलेल्यांतला कोण टिकतो ते बघायला ठेवलाय.

आणि अशाने शरीराचं काय होतं हे मोजलेलं आहे बरं का. अमेरिकन आर्मीच्या रेंजर स्कूल या खडतर कोर्समध्ये १९९१ च्या बॅचवर अभ्यास झाला. कोर्स ६२ दिवसांचा, झोप सरासरी चार तासांच्याही आत, आणि रोज जेवढी एनर्जी खर्च व्हायची त्यापेक्षा जवळपास हजार कॅलरी कमी पोटात जायच्या. शेवटी वजन सरासरी १५-१६ टक्के उतरलं, म्हणजे ७० किलोचा पोरगा ५९ वर. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं मुख्य हार्मोन, पार तळाला गेलं, ताकद घसरली. तरुण, धडधाकट, निवडून आलेले सैनिक होते ते, त्यांचं हे झालं. मग नीट खायला मिळाल्यावर हार्मोन्स बऱ्यापैकी लवकर वर आले, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

झोपेचं तर मला फार कळकळीने सांगायचंय. सलग १७ तास जागं राहिलं की रिॲक्शन रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे १९९७ पासून माहितीये, आणि आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे, म्हणजे तुम्हीच विचार करा. सीलच्या ट्रेनींना ७२ तास जागरणानंतर कॅफीन देऊन बघितलं, २०० मिलिग्रॅमने लक्ष आणि रिॲक्शन सुधारली पण बंदुकीचा नेम काही सुधारला नाही. त्यामुळे चहा-कॉफीवर झोपेची भरपाई होईल हे डोक्यातून काढा. अमेरिकन आर्मीने २०२० च्या फिटनेस मॅन्युअलमध्ये झोपेला व्यायाम आणि आहाराच्या बरोबरीने जागा दिलीये, दुपारची डुलकीसुद्धा त्यात रीतसर लिहिलीये.

आपल्या सैन्याचंच उदाहरण घ्या ना. सियाचिनला पाठवताना उंचीची सवय तीन टप्प्यांत करतात, ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १५ हजारापर्यंत चार, त्याच्या वर परत चार. ६२ च्या युद्धात मैदानातून थेट डोंगरावर गेलेल्या जवानांच्या फुप्फुसात पाणी झालं, तिथून हे सगळं गांभीर्याने अभ्यासलं गेलं. कितीही फिट असा, कमांडो असा, हे दिवस कोणाला चुकत नाहीत, कारण शरीर रँक बघत नाही.

आता नडगीकडे येऊया, मला मेन हेच बोलायचंय. पळताना हाडावर ताण येतो तेव्हा शरीर आधी जुनं हाड काढून टाकतं आणि मग तिथे नवं भरतं, आणि ते नवं पक्कं व्हायला काही महिने लागतात. मधल्या काळात ती जागा कच्ची असते, म्हणजे रस्ता खोदून ठेवलाय आणि काँक्रीट ओतायच्या आधीच वरून डंपर चालवायचा असं होतं. म्हणून दोन-तीन महिने काहीच न केलेला पोरगा अचानक रोज दहा किलोमीटर, वर पाठीवर वजन असं सुरू करतो तेव्हा साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, गाठतं. इस्रायलच्या सैन्याने रिक्रूटना रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि चालण्याचं एकूण अंतर कमी केलं, तर हे फ्रॅक्चर निम्म्याहून कमी झाले. कोणाचं ट्रेनिंग बंद नाही केलं, लक्षात घ्या.

त्यामुळे वजन आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवू नका, सिंहगड आठवड्यातून एकदा पुरे. खाण्याचं थोडक्यात सांगतो, भारी ट्रेनिंगमध्ये किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रोटीन लागतं, ते अंडी, मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध, पनीर यातून बऱ्यापैकी निघतं, पावडरच पाहिजे असं नाही, आणि भाकरी-भात अजिबात तोडू नका. मुलींनो, एनडीएतून पहिली १७ जणींची बॅच २०२५ च्या मे महिन्यात पासआऊट झाली, तुमच्यातल्या कितीतरी जणी आता तिकडे निघाल्यात, तर पाळी लांबायला किंवा बंद व्हायला लागली तर ते फिटनेसचं लक्षण समजू नका, खाणं कमी पडतंय असा तो इशारा असू शकतो आणि हाडं तिथूनच कमकुवत होतात. आईला सांगा, डॉक्टरकडे जा, लोहही तपासून घ्या.

आणि नडगी दुखत असेल तर बोटाने दाबून बघा. लांब पट्टाभर दुखतंय तर बहुतेक वेळा पळणं कमी करून आराम पडतो. पण नेमक्या एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं, तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही, त्यामुळे एक्सरे क्लीन आला म्हणून दुसऱ्या दिवशी परत ग्राउंडवर जाऊ नका, एमआरआय करायची गरज आहे का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.