शेवटची नोंद

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ऑक्टोबरपासून एक पांढरा धोबी मुक्कामाला आहे. चिमणीहून जरा लांबट, करडा-पांढरा पक्षी. शेपटी सारखी वरखाली, जणू घाटावर कपडे आपटतोय. कुणी त्याला परीटही म्हणतं. तो आला त्या दिवशी मी वहीत तारीख टाकली, घरच्यांना हाका मारून दाखवला, दोन मित्रांना फोन केला. पण तो जातो कधी, ती तारीख मला आजवर एकाही वर्षी छातीठोकपणे लिहिता आलेली नाही.

पाहुणा आला की त्याच दिवशी कळतं. गेला हे कळायला मात्र आठवडा लागतो. एक दिवस दिसत नाही, तेव्हा वाटतं असेल पलीकडच्या गल्लीत. दुसऱ्या दिवशी आपण कामात असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहा पिताना लक्षात येतं, अरे, गच्ची रिकामीच आहे की! मग वही मागे चाळायची. शेवटचा कधी दिसला होता? लिहिलंच नव्हतं, कारण त्या दिवशी तो शेवटचा आहे हे कुणाला ठाऊक होतं?

हिवाळ्याच्या तोंडाशी वर्तमानपत्रं ‘परदेशी पाहुण्यांचं आगमन’ म्हणून रंगीत फोटो छापतात. फाल्गुन-चैत्रात तेच पाहुणे परत निघतात, तेव्हा एक ओळ येत नाही. आपल्याकडे पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची रीत होती. म्हणून आज जरा वेशीपर्यंत जाऊ या.

गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच तुम्ही कधी पकडली असेल, तर मागे लागणारे पांढरे पक्षी आठवत असतील. लोक वेफर्स उडवतात आणि ते हवेतच झेलतात. (वेफर्स नका देऊ, हे जाता जाता सांगून ठेवतो.) हे कुरव. डिसेंबरात त्यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. आता मार्चमध्ये नीट बघा. एकाचं डोकं अर्धं तपकिरी झालेलं, दुसऱ्याचं पूर्ण, जणू कुणी टोपी घातली आहे. हा विणीचा पोशाख. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट आणि मध्य आशियाच्या पठारांवरच्या तळ्यांकाठी घरटी करतो. वरात तिकडची, पण कपडे इथेच चढवून निघायचं. तळ्याकाठचा पिवळा धोबीही तसाच. हिवाळाभर मळकट दिसणारा हा पक्षी चैत्राच्या सुमाराला हळदीत बुडवून काढल्यासारखा होतो.

त्यांना निघायची वेळ कोण सांगतं? दिवसाची लांबी. दिवस मोठा होऊ लागला की शरीरातली संप्रेरकं जागी होतात, भूक वाढते, अंगावर चरबी चढते. काही लहान पक्षी तर निघण्याआधी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. बदकं आणि बरेच लहान पक्षी रात्रीच उडतात. म्हणून आपल्याला जाणं दिसत नाही, सकाळी फक्त रिकामं पाणी दिसतं.

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर पट्टकदंब येतो. राखाडी रंगाचा हंस, डोक्यामागे दोन काळे पट्टे. त्याला हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायचं असतं. पाठीवर ट्रान्समीटर लावून त्याचा प्रवास मोजला गेला आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की उत्तरेला जाताना हा पक्षी सपाटीवरून सात-आठ तासांत हिमालयाच्या माथ्यापर्यंत चढतो. तेही वाऱ्याची मदत न घेता, पंख मारत, बहुतेक रात्री किंवा पहाटे, कारण तेव्हा हवा गार आणि दाट असते. सात हजार मीटरच्या वर उडाल्याचीही नोंद आहे. परवापर्यंत हरभऱ्याच्या रानात चरत होता, तोच हा पक्षी.

आता भोरडी. तिच्यावर माझा विशेष जीव आहे आणि शेतकऱ्यांचा विशेष राग. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ज्वारी हुरड्यात आली की हजारोंचे थवे उतरतात. मग माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत हाकारायचं. ज्याने ते केलंय त्याला भोरडीच्या थव्याचं नृत्य किती सुंदर, हे सांगायला जाऊ नये. पुढे सावर, पळस, पांगारा फुलले की हीच भोरडी फुलांतला रस पीत त्या झाडांवर कलकलाट करते. एप्रिल सरता सरता ती जाते. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात तिची वीण होते, आणि तिथे तिचं मुख्य खाणं म्हणजे टोळ. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून तिला घरटी करायला दगडांचे ढीग रचून देतात. इकडे गोफण, तिकडे घरकुल!

आणि गंमत बघा, जुलै-ऑगस्टमध्ये ती पुन्हा हजर. वर्षातले आठ-नऊ महिने आपल्याकडे काढणाऱ्या पक्ष्याला आपण ‘परदेशी’ म्हणतो. माहेरी दोन महिने आणि सासरी दहा महिने राहणाऱ्या लेकीचं घर कोणतं?

रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, घाई नसते. मे महिन्यात उजनीचं पाणी ओसरतं, पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर डोकं काढतं, तरी ते चिखलात चोच उलटी घालून उभेच असतात.

एवढ्यात दक्षिणेकडून दुसरे येऊ लागतात. मेअखेर, जूनच्या सुरुवातीला नवरंग येतो. हिरवा, निळा, पिवळसर, पोटाखाली लाल. रात्रभर उडून दमलेला हा पक्षी शहरात काचेवर आपटतो आणि जिन्यात सापडतो. तुमच्याकडे सापडला तर खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा, अंधारात, शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका, फोटोसाठी हातात धरू नका. तासा-दोन तासांत सावरला तर झाडीजवळ सोडा. नाहीच सावरला तर वनविभागाला कळवा.

एक विनंती. एक वही करा, किंवा मोबाईलवर ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप वापरा. पंधरा मिनिटं बसा आणि जे दिसलं ते सगळं लिहा. धोबी दिसला नाही, तर त्या दिवशीची यादीही धोब्याविना पूर्ण लिहा. ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंदच असते. ‘दिसला’ची रांग जिथे थांबते आणि ‘नाही’ची सुरू होते, तिथेच त्याच्या जाण्याची तारीख सापडते.

मी यंदा रोज लिहितोय. काल दुपारी धोबी टाकीच्या कडेवर होता, छातीवरचा काळा रंग चांगलाच भरलेला. आज सकाळी आकाशवाणी केंद्राकडे निघताना पाहिलं, तर नव्हता. वहीत ‘नाही’ लिहिलंय, पेन्सिलीने.

नमस्कार.