सकाळी लंगडणारं मूल

सकाळचे साडेसहा. तीन वर्षांची मुलगी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली आहे. उतरत नाही. आईनं हात दिल्यावर उतरते, उजवा गुडघा वाकलेलाच ठेवून चार पावलं टाकते आणि 'कडेवर घे' म्हणते. तासाभरानं हीच मुलगी घरभर धावत असते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार होते. तिथं तिचं चालणं अगदी नीट. 'पडली असेल कुठेतरी', 'वाढीचं दुखणं असेल' एवढं ऐकून आईवडील परततात. पण वाढत्या वयातलं ते दुखणं संध्याकाळी किंवा रात्री येतं, सकाळी निघून जातं, आणि त्यात सांधा सुजत नाही. इथं, म्हणजे बालसंधिवातात, नेमकं उलटं आहे: रात्रभर न हललेला सांधा सकाळी आखडतो, हालचाल झाली की मोकळा होतो. लहान मूल 'दुखतंय' असं सांगेलच, असंही नाही. ते नुसतं जिना टाळतं.

म्हणून सकाळच्या त्या चार पावलांचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आईच्या नजरेनं पाहिलेलं हे लंगडणं कुठल्याही रिपोर्टइतकंच मोलाचं आहे.

16 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे बालसंधिवात. तो ठरवणारी एकच एक तपासणी नाही. 'आरए फॅक्टर' ही संधिवातासाठीची रक्ततपासणी बहुतेक मुलांत निगेटिव्ह येते. त्यावरून निर्धास्त होऊ नये. सांध्यातला जंतुसंसर्ग, क्षय, रक्ताचा कर्करोग ही कारणं आधी बाजूला सारावी लागतात. ताप, लालभडक गरम सांधा आणि पाय टेकवताच न येणं हे एकत्र दिसलं, तर मात्र सहा आठवडे नव्हे, सहा तासही थांबू नका.

गाठायचे असतात ते बालसंधिवाततज्ज्ञ. एकच गुडघा सुजला असेल तर पुष्कळदा सांध्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. लहान मुलाला त्याआधी गुंगी देतात. जास्त सांधे धरले असतील तर मेथोट्रेक्झेट हे औषध. कर्करोगाच्या उपचारातलं हे नाव ऐकून पालकांचा जीव दडपतो, पण इथला डोस त्या मानानं फार कमी असतो. एक गोष्ट मात्र जिवावर बेतू शकते: हे औषध आठवड्यातून एकदाच द्यायचं, रोज नाही. ठरलेल्या वारावर कॅलेंडरमध्ये गोल करून ठेवा. गुण यायला काही आठवडे लागतात, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर बायोलॉजिक औषधं, म्हणजे सूज वाढवणाऱ्या शरीरातल्या ठरावीक घटकांनाच रोखणारी औषधं, आहेत. दुखणं अंगावर काढलं तर सुजलेल्या गुडघ्याचा पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढू शकतो.

आणि डोळे. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, तीही गुपचूप. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर मात्र जाऊ शकते. ती सूज स्लिट लॅम्पखालीच, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या प्रकाशझोताच्या यंत्राखालीच दिसते. कमी वयात आजार झालेल्या, 'एएनए' ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना सुरुवातीची काही वर्षं दर तीन महिन्यांनी ही तपासणी लागते, गुडघा पूर्ण बरा वाटत असला तरीही.

मुलगी आता यंत्रासमोर आईच्या मांडीवर बसली आहे. हनुवटी टेकवली आहे. डॉक्टर म्हणतात, 'समोर बघ हं, हलू नकोस.' आज ती स्वतः चालत आली आहे.