मला थंडी वाजते, जर्मनमध्ये

नमस्कार श्रोतेहो.

जर्मन शिकवताना दर हिवाळ्यात एक वाक्य मला हमखास ऐकू येतं. खिडकीतून गार वारा येतो, एखादी मुलगी ओढणी घट्ट लपेटते आणि म्हणते, ‘इश बिन काल्ट.’ तिच्या डोक्यात इंग्रजीतलं ‘आय ॲम कोल्ड’ असतं. जर्मन माणसाला मात्र वाटतं, ही आपला स्वभाव सांगते आहे, मायाममता नसलेला. बरोबर वाक्य आहे ‘मिअर इस्ट काल्ट’. मिअर म्हणजे मला. मला थंडी वाजते! हे तर आपण बोलायला लागल्यापासून म्हणतो आहोत. ‘ते मला आवडतं’ हेही तिकडे तसंच: ‘दास गेफेल्ट मिअर.’

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, जर्मनकडे जाताना इंग्रजीचा वळसा घेऊ नका. मराठीतून थेट जा.

लिंगाचंच घ्या. नामाआधी लागणारे देर, दी, दास ऐकून मुलं धास्तावतात. पण तो, ती, ते आपल्या घरचेच आहेत. हिंदीतून नपुंसकलिंग गेलं, मराठीने ते संस्कृतपासून सांभाळलं. संस्कृत आणि जर्मन एकाच भाषाकुळातल्या. संस्कृत क्रियापदांची जर्मानिक, म्हणजे जर्मन ज्या शाखेतली त्या भाषांशी तुलना फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने १८१६ सालीच छापली होती. जर्मन ‘इस्ट’ आणि संस्कृत ‘अस्ति’, दोन्हींचा अर्थ ‘आहे’. शेजारी ठेवून बघा, नातं दिसतं.

अर्थात प्रत्येक वस्तूचं लिंग आपल्यासारखंच असेल असं नाही. जेवणाच्या टेबलावर चमचा ‘देर’, काटा ‘दी’ आणि सुरी ‘दास’. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. तेव्हा नाम पाठ करायचं ते देर-दी-दास सकटच, त्याला दुसरा उपाय नाही. मुलगी मात्र ‘दास मेडशेन’ का, हे मराठी माणसाला चटकन समजावं. ते शेवटचं ‘शेन’ लहानपण दाखवतं, आणि ते लागलं की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपलं कोकरू, पाखरू, लेकरू आठवा. मुलगा असो की मुलगी, लेकरू ‘ते’च.

खरा घाम फुटतो विभक्तीला. आपण ‘घोडा’चं ‘घोड्याला’ करतो, म्हणजे नाम स्वतःच बदलतं. जर्मन नाम बहुतेक वेळा आहे तसंच राहतं आणि बदलतो तो त्याच्या आधीचा ‘देर’. टेबल म्हणजे देर टिश. पुस्तक टेबलावर ठेवायचं तर ‘आउफ देन टिश’. पुस्तक टेबलावर आहे, तर ‘आउफ देम टिश’. मराठीतलं ‘वर’ दोन्हीकडे चालतं, म्हणून आपली मुलं इथे अडखळतात. यावर नियम सांगत बसण्यापेक्षा मी वही उचलते आणि हळूहळू टेबलाकडे नेते. वही हवेत असेपर्यंत वर्गाने म्हणायचं, देन, देन, देन. टेकली, की देम. चार दिवस हे केलं की तक्ता न बघता जमायला लागतं.

वाक्यरचनेत साध्या विधानाला क्रियापद दुसऱ्या जागी हवं, एवढी सवय नव्याने लावावी लागते. पण ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं, की क्रियापद थेट शेवटी जातं: ‘वाइल इश इन बर्लिन वोने.’ कारण मी बर्लिनमध्ये राहते. जवळजवळ शब्दाला शब्द तोच क्रम! इंग्रजीतून येणाऱ्याला हे उलटं वाटतं, आपल्याला नाही.

आकडेही तसेच. पंचविसात आधी पाच, मग वीस. जर्मनमध्येही ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’, पाच आणि वीस. फक्त एकोणतीसला सावध राहा. आपण तिसातून एक उणा करतो, जर्मन मात्र सरळ म्हणतो, नऊ आणि वीस.

नमस्कार.