एक तक्ता, दहा लंबक

शिक्षक मित्रांनो, प्रयोगवहीतली चूक आपल्याला कळते तेव्हा स्टँड कपाटात गेलेले असतात. गूगल शीट्ससारखा सामायिक तक्ता वर्गात आणायचा तो एवढ्याचसाठी, की चूक दिसेल तेव्हा लंबक टांगलेलाच असावा.

अकरावीचा साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. दहा गट, ४०, ६०, ८०, १०० सेंटीमीटर अशा चार लांब्या, दर लांबीला २० दोलनांची वेळ तीनदा. एक मापन म्हणजे एक ओळ, म्हणजे १२० ओळी झाल्या. गट, लांबी मीटरमध्ये, २० दोलनांची वेळ, दोलनकाल (एका दोलनाची वेळ), दोलनकालाचा वर्ग आणि टीप, असे सहा स्तंभ पुरतात. दोलनकाल आणि वर्ग ही सूत्रं आधीच भरून कुलूपबंद करा. शेजारी लांबी विरुद्ध दोलनकालाचा वर्ग असा बिंदूंचा आलेख काढून प्रोजेक्टरवर लावून ठेवा. गटागणिक रंग हवे असतील तर इफ (IF) सूत्राने प्रत्येक गटाचा दोलनकालाचा वर्ग वेगळ्या स्तंभात न्यावा लागतो. खटाटोप आहे, पण टाळू नका. खरी गंमत तिथेच आहे.

सगळं नीट झालं तर रेषेचा चढ ४.०३ च्या आसपास येतो. ४π² ला, म्हणजे ३९.४८ ला, त्याने भागलं की गुरुत्व त्वरण मिळतं. मुंबई-पुण्याकडे ते ९.७९ च्या जवळ असतं.

आता एका गटाची रेषा बाकीच्यांच्या खाली, कमी चढाची दिसते. एक मीटरला ४०.१ ऐवजी ३८.१ सेकंद. मुलांनी गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटलंय. मोजायला हवं ‘शून्य’पासून. वीस समजून एकोणीसच दोलनं मोजली गेली आणि उत्तर १०.९ च्या घरात गेलं. दुसऱ्या गटाची रेषा किंचित वर, पण समांतर. यांनी लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता हुकपर्यंतच मोजली. चढ तोच, म्हणून आलेखावरून उत्तर बरोबर येतं. एकेका मापनावरून काढलं तर मात्र कमी येतं. हा फरक फळ्यावर तासभर सांगूनही कळत नाही, इथे डोळ्यांना दिसतो.

बिघडतं कुठे तेही सांगतो. मुलं ‘४०.१ से.’ असं एककासकट टाइप करतात. मग तो खाना मजकूर ठरतो आणि सूत्र कोलमडतं. लांबीच्या खान्यात १ ऐवजी १०० पडतं. म्हणून लांबीला ०.२ ते १.२ एवढीच मुभा देणारा नियम लावा, बाकी नोंद नाकारू द्या. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं तर हा नियमही पुसला जातो, तेव्हा आकडे हातानेच भरायला लावा. एकाने तक्ता क्रमाने लावला की सगळ्यांच्या ओळी हलतात. त्याला फिल्टर व्ह्यू, म्हणजे फक्त स्वतःपुरता क्रम लावायची सोय, वापरायला शिकवा. नुसत्या लिंकवरून आलेल्यांची नावं तक्त्यातल्या बदलांच्या इतिहासात उमटत नाहीत, तेव्हा शाळेची खाती असतील तर तीच वापरा. गटाला एकच मोबाइल पुरे, आणि आकडा आधी वहीत, मग तक्त्यात. नेटवर्क गेलं तरी मापन थांबत नाही.

आणि ३८.१ ची ओळ पुसू देऊ नका. टीपेत ‘एकापासून मोजलं’ असं लिहून घ्या, खाली नवी ओळ जोडा आणि त्या गटाला गोळा पुन्हा सोडायला सांगा.